शरीराकडून उसनं घेतलेलं औषध

(सांगली येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेत मिरजेची डॉक्टरमंडळी बसली आहेत, मागे फार्मसीची मुलंमुली आहेत. मधल्या रांगांत बरेच जण असे असतील की ज्यांच्या घरात कुणाची तरी बोटं सकाळी उठल्यावर तासभर मिटत नाहीत. पत्रिकेत विषय छापलाय, ‘मानवी प्रथिनांच्या धर्तीवर दाहशामक औषधांची रचना’. त्यात मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत: नक्कल कशाची करायची, ती कशी करतात, आणि ती कुठे फसते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्यासाठी वेळ राखून ठेवायचा प्रयत्न करते.

पायात काटा मोडला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. चार-पाच दिवसांनी सगळं ओसरतं. आपण समजतो, कारण गेलं म्हणून दाह आपोआप गेला. तसं नसतं. दाह थांबवण्याचं काम शरीराला वेगळं करावं लागतं, आणि त्यासाठी खास प्रथिनं तयार होतात. दाह पेटवणारी प्रथिनं ज्या पेशी सोडतात, बऱ्याचदा त्याच पेशी थोड्या वेळाने त्याला आवर घालणारी प्रथिनंही सोडतात. माझं म्हणणं एवढंच आहे की दाहशामक औषध शोधायला निघालेल्या माणसाने आधी शरीराला विचारावं, बाबा, तू हे कसं थांबवतोस? ॲस्पिरिन हजारो टन खपल्यावर ते काम कसं करतं हे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं. कॉर्टिसोनने १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेली बाई चालायला लागली, १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि त्याचे दुष्परिणाम मागाहून कळले. प्रथिनांच्या बाबतीत मात्र यंत्रणा आधी कळली आणि औषध नंतर आलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आता एकाच रेणूची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती नीट कळली की बाकीचं सोपं जातं.

इंटरल्यूकिन-१, आयएल-१. ताप आणणारं, सांध्यातली कूर्चा झिजवणारं, हाडं पोखरणाऱ्या पेशींना चिथावणारं हे प्रथिन. १९८०च्या दशकात बऱ्याच प्रयोगशाळा त्याच्या मागावर होत्या. जिनिव्हात जाँ-मिशेल दायर यांच्या गटाला एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाच्या, तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या लघवीत काहीतरी असं सापडलं की जे आयएल-१चं काम बंद पाडत होतं. अमेरिकेत डेन्व्हरला विल्यम आरेंड पांढऱ्या पेशी अँटीबॉडीचा थर दिलेल्या भांड्यांत वाढवत होते. त्या पेशींच्या द्रवातही तसंच रोखणारं द्रव्य निघालं. लघवीतून प्रथिन शुद्ध करणं म्हणजे काय, हे फार्मसीच्या मुलांनी डोळ्यांसमोर आणावं: कित्येक लिटर गोळा करायची, गाळायची, क्षार काढायचे, स्तंभांमागून स्तंभांतून न्यायची, आणि प्रत्येक भाग पेशींवर टाकून बघायचा की रोखणारा गुण कुठल्या नळीत आला. १९९० मध्ये या प्रथिनाचं जनुक हाती आलं आणि नाव ठरलं, आयएल-१ रिसेप्टर अँटॅगोनिस्ट. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन, आणि अँटॅगोनिस्ट म्हणजे त्याला अडवणारं. १५२ अमिनो आम्लांची साखळी. आयएल-१ बीटाशी तिचं साम्य साधारण २६ टक्के.

ते काम कसं करतं ते नीट बघू, इथेच रचनेचा सगळा धडा आहे. आयएल-१च्या रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग तीन गाठींचा असतो. खरं आयएल-१ तिन्ही गाठींना चिकटतं. त्याने रिसेप्टरचा आकार वळतो, मग दुसरं एक साहाय्यक प्रथिन येऊन बिलगतं, आणि दोघांची शेपटं पेशीच्या आत जवळ आली की संदेश सुटतो. रोखणारं प्रथिन पहिल्या दोन गाठींना अगदी घट्ट धरतं, तिसरीला मात्र शिवत नाही. साहाय्यक प्रथिन येतच नाही, संदेश सुटत नाही, आणि जागा अडलेली राहते. निसर्गाने आयएल-१चीच एक अशी आवृत्ती काढली की जिच्यात धरण्याची बाजू शाबूत आहे आणि पेटवण्याची बाजू पुसलेली आहे. १९९१ मध्ये या साखळीतलं १४५व्या जागेवरचं फक्त एक अमिनो आम्ल बदललं, लायसिनच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल ठेवलं, तर रोखणारं प्रथिन थोडंथोडं पेटवायला लागलं. एकशे बावन्नपैकी एक! नक्कल करणाऱ्याचा हात कुठे थरथरला तर काय होऊ शकतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

आता प्रमाण बघा. हे प्रथिन रिसेप्टरला आयएल-१इतकंच घट्ट धरतं, म्हणजे पिकोमोलर इतक्या अतिशय विरळ प्रमाणातसुद्धा. मग थोडंसं देऊन भागायला हवं. भागत नाही. कारण पेशीवरच्या रिसेप्टरपैकी जेमतेम दोन-चार टक्क्यांना आयएल-१ लागलं तरी पेशी पुरती पेटते. शंभर दारांच्या वाड्यात शिरायला चोराला दोन दारं पुरतात, राखणदाराला मात्र शंभरही सांभाळावी लागतात. म्हणून रोखणारं प्रथिन आयएल-१च्या दहापट ते शंभरपट, कधी त्याहूनही जास्त लागतं. शरीरात हे साधतं, कारण सुजलेल्या जागीच ते ओतलं जातं. आपण पोटाच्या कातडीखाली टोचतो, तिथून ते रक्तात जातं आणि मग गुडघ्यात पोचतं.

औषध झालं त्याचं नाव ॲनाकिनरा. ई. कोलाय जिवाणूत बनवतात, त्यामुळे सुरुवातीला एक मिथिओनिन जादा येतं आणि साखळी १५३ची होते. माणसाच्या मूळ प्रथिनावर साखरेच्या शाखा असतात, जिवाणू त्या लावत नाही. नशिबाने कामासाठी त्यांची गरज नाही. वजन १७.३ किलोडाल्टन. इतकं छोटं प्रथिन मूत्रपिंडाच्या चाळणीतून सरळ गळतं, त्यामुळे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, ४ ते ६ तास. हिशोब करा. रोज १०० मिलिग्रॅमची एक सुई. २४ तासांत चार ते सहा अर्धायुष्यं उलटली, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सुईच्या वेळी सोळावा ते चौसष्टावा हिस्सा उरला. आणि वर आपण पाहिलं की जवळजवळ सगळे रिसेप्टर सतत अडलेले हवेत. मूत्रपिंड खूपच अधू असेल तर हेच औषध दिवसाआड देण्याचा विचार करतात, कारण मग ते गळत नाही. अर्धायुष्य हा शब्द परीक्षेपुरता पाठ करणाऱ्यांनी हा आकडा मनात ठेवावा.

पण संधिवाताआधी या रेणूवर दुसरीच मोठी पैज लावली गेली होती. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून रक्तदाब कोसळणं. तर्क अगदी सरळ होता: सेप्सिसमध्ये आयएल-१ उसळतं, ते रोखा, माणूस वाचेल. प्राण्यांत वाचतही होता. मोठ्या चाचणीत ८९३ रुग्ण घेतले. आधी १०० मिलिग्रॅम एकदम शिरेतून, मग ७२ तास सलग, तासाला किलोमागे १ किंवा २ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला वरच्या मात्रेने तीन दिवसांत दहा ग्रॅमच्या वर शुद्ध प्रथिन! २८ दिवसांनी मोजलं तर जगण्या-मरण्यात ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. निकाल १९९४ मध्ये छापून आला. रेणू बनवणारी बोल्डरची कंपनी त्याच सुमारास दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. नक्कल बिनचूक होती, मात्रा भरपूर होती, वेळ चुकली होती. रुग्ण दवाखान्यात पोचतो तोवर आयएल-१ची लाट पुढे गेलेली असते. प्रयोगातल्या उंदराला विष टोचण्याआधी किंवा टोचताटोचताच औषध मिळतं, ते भाग्य खऱ्या रुग्णाच्या वाट्याला येत नाही.

मग नोव्हेंबर २००१ मध्ये हेच औषध संधिवातासाठी मान्य झालं. तिथे ते बरं चाललं, खूप मोठं नाही. सांध्यात दुसऱ्या रेणूंचं राज्य जास्त आहे. आणि सुईच्या जागी लाली, खाज, गांधी इतक्या उठतात की चाचण्यांत दहापैकी सात जणांना त्रास झाला. बहुतेकांचा तो महिन्याभरात ओसरतो. पण रोज एक सुई आणि रोज एक गांधी याला माणूस कंटाळतो, हे रेणू आखणाऱ्याने पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवायला हवं.

आता त्या रेणूचं खरं घर. २००९ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या, प्वेर्तो रिकोच्या आणि इतर काही कुटुंबांतल्या तान्ह्या बाळांचं वर्णन छापून आलं. जन्मल्यापासून अंगभर पू भरलेल्या फोडांसारखा पुरळ, हाडं सुजलेली, हाडांवरचं आवरण सुजलेलं, आणि जंतू मात्र कुठेच सापडत नाहीत. अँटिबायोटिक देऊन काही उपयोग नाही. जनुक तपासलं तर आयएल-१ला रोखणारं हे प्रथिन बनवणारं जनुकच मोडलेलं. आवर घालणारं प्रथिन जन्मतःच नाही! त्या बाळांना ॲनाकिनरा दिलं आणि पुरळ बघता बघता उतरला. जे शरीरात नव्हतं तेच बाहेरून दिलं. २०२० मध्ये या आजारासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. हा आजार फार दुर्मिळ आहे, पण निसर्गतः असलेलं एक प्रथिन माणसात नेमकं काय करतं याचा इतका निःसंदिग्ध पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. म्हणून मी त्यावर इतका वेळ घालवला, आणि मला त्याची खंत नाही.

आता सांगलीत बोलतेय तर हळदीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. प्रश्नोत्तरांत तो प्रश्न येणारच, तेव्हा आताच घेते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, त्याचं वाईट आजही वाटतं. मला हळदीबद्दल आदर आहे, आणि म्हणूनच तिच्या नावावर जे खपवलं जातं त्याचा राग येतो. संधिवाताचं निदान झालेली, आठवड्याला मेथोट्रेक्सेट घेऊन छान सावरलेली माणसं ‘नैसर्गिक आहे’ म्हणून कुर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, महागड्या कॅप्सूल सुरू करतात आणि मूळ औषध सोडतात. वर्षभराने येतात तेव्हा बोटं वाकडी झालेली असतात. कूर्चा आणि हाड एकदा गेलं की नंतर कुठल्याही औषधाने परत येत नाही.

आता आकडे बघा. वाळवलेल्या हळदीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्के. एका चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत जेमतेम शंभर मिलिग्रॅम. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर शुद्ध कुर्क्युमिन दिलेल्या रुग्णांच्या रक्तात ते अकरा नॅनोमोलरच्या आसपास सापडलं. आणि ज्या प्रयोगांच्या जोरावर ‘हळद दाह थांबवते’ असं छापतात, त्यांत भांड्यातल्या पेशींवर दहा मायक्रोमोलर वगैरे टाकलेलं असतं, म्हणजे जवळजवळ हजारपट. दुसरी गोष्ट, हा रेणू आपल्या शरीराच्या सामूत टिकत नाही. सामू ७.२ आणि तापमान ३७ अंश असलेल्या साध्या बफरमध्ये अर्ध्या तासात नव्वद टक्के कुर्क्युमिन मोडतं. तिसरी गोष्ट फार्मसीच्या मुलांनी आवर्जून लिहून घ्यावी: कुर्क्युमिन स्वतः चमकतं, धातूंना धरतं, दिसेल त्या प्रथिनाला थोडंथोडं चिकटतं. त्यामुळे प्रकाशावर आधारलेल्या चाचणीत ते जवळपास प्रत्येक लक्ष्यावर ‘परिणामकारक’ दिसतं. शंभर गोष्टींवर थोडं थोडं चालणारा रेणू आणि एका रिसेप्टरला पिकोमोलरमध्ये धरणारा रेणू यांच्यात हाच मूलभूत फरक आहे.

मिऱ्यासोबत हळद जास्त शोषली जाते असं म्हणाल तर, १९९८ मध्ये बंगळुरूला झालेल्या अभ्यासात २ ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपेरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. खरं आहे. पण वीसपट कशाच्या? नगण्याच्या. शिवाय पायपेरिन यकृताची औषधं मोडण्याची यंत्रणाच मंदावतं, त्यामुळे दुसरी औषधंही रक्तात चढू शकतात. जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीतून आणि अमेरिकेतून आलेल्या आहेत. आमटीतली हळद खुशाल खा, जखमेवर लावा, कुणी अडवत नाही. सुजलेल्या सांध्यांसाठी मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सोडू नका. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. डब्यावर वार लिहून चिकटवा.

संयोजकांनी घड्याळ दाखवलं, पंधरा मिनिटं आहेत म्हणतात. जे सांगायचं पत्रिकेत कबूल केलं होतं ते आता झपाट्याने सांगते.

नक्कल कशी करतात? पहिला मार्ग आत्ता पाहिला, प्रथिन जसंच्या तसं बनवायचं. अडचण अर्धायुष्याची. म्हणून दुसरा मार्ग, जोडकाम. टीएनएफ हे दाहाचं दुसरं मोठं प्रथिन. त्याचे रिसेप्टर पेशीवरून तुटून रक्तात फिरतात आणि सुट्या टीएनएफला पकडून ठेवतात. हेही १९८०च्या दशकाच्या शेवटी तापाच्या रुग्णांच्या लघवीतच सापडलं. त्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग घेतला आणि अँटीबॉडीच्या शेपटीला, म्हणजे एफसी भागाला जोडला. शेपटीमुळे दोन फायदे होतात. दोन रिसेप्टर शेजारीशेजारी आल्याने पकड कितीतरी पट घट्ट होते. आणि रेणू १५० किलोडाल्टनचा झाल्याने मूत्रपिंडातून गळत नाही. शिवाय पेशीत ओढला गेला तरी एफसीला ओळखणारं एक प्रथिन त्याला न मोडता परत रक्तात सोडतं. हे एटानरसेप्ट, ९३४ अमिनो आम्लांचं, नोव्हेंबर १९९८ मध्ये मान्य झालेलं. चार-सहा तासांवरून अर्धायुष्य चार दिवसांवर गेलं आणि सुई रोजची आठवड्याची झाली, ५० मिलिग्रॅम. मात्र एफसी जोडला की आपल्या अँटीबॉडीसारखे तीन आठवडे मिळतीलच असं नाही, चारच दिवस मिळाले. बाकीच्या रेणूचा आकार, त्यावरच्या साखरेच्या शाखा, सगळं मध्ये येतं. म्हणूनच हे जिवाणूत न बनवता हॅमस्टरच्या पेशींत बनवतात. साखर बिघडली की यकृत तो रेणू उचलून घेतं. मूळ कंपनीबाहेर बनवलेली एटानरसेप्टची आवृत्ती भारतात २०१३ पासून मिळते. तिची गुणवत्ता तपासताना आधी ही साखरच बघतात.

इथेही सेप्सिसचा धडा आहे, आणि जास्त कडू. एटानरसेप्टच्या सेप्सिस चाचणीत औषध न दिलेल्या गटात मृत्यू ३० टक्के होते, किलोमागे १.५ मिलिग्रॅम दिलेल्या गटात ५३ टक्के. संसर्गाशी लढायला थोडं टीएनएफ लागतंच, ते दीर्घकाळ बांधून ठेवलं की माणूस हरतो. बिघाड नकलेत नव्हता, फार टिकण्यात होता. आपल्या भागात याचा सरळ अर्थ टीबी. क्षयाच्या जंतूंभोवती शरीर जी गाठ बांधून ठेवतं ती टीएनएफवर टिकून असते. म्हणून पहिल्या सुईआधी छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी, आणि हिपॅटायटिस बी. सुप्त टीबी निघाला तर आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सुरू करून निदान महिनाभराने पहिली सुई. ही पायरी गाळून सुई देणाऱ्यावर माझा रोष आहे. रिसेप्टरच्या नकलेपेक्षा टीएनएफविरोधी अँटीबॉडी-औषधांनी टीबी जास्त उफाळतो असं ही औषधं घेणाऱ्यांच्या ब्रिटिश नोंदवहीत दिसलं, तरी तपासणी दोन्हींना सारखीच. आणि दोन रोखणारी औषधं एकत्र द्यायचा मोह होतो, तोही करून पाहिला गेला आहे. एटानरसेप्ट आणि ॲनाकिनरा मिळून फायदा वाढला नाही, गंभीर संसर्ग वाढले.

तिसरा मार्ग, मूळ प्रथिनाला थोडं सुधारायचं. सीटीएलए-४ हे टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, शांत करणारं प्रथिन, त्याला एफसी जोडून ॲबाटासेप्ट झालं, २००५. त्यातच दोन अमिनो आम्लं बदलली की बेलाटासेप्ट, २०११, मूत्रपिंड रोपणासाठी. शेकडो अमिनो आम्लांत दोन बदल, आणि ते ज्या दोन प्रथिनांना धरतं त्यांपैकी सीडी८६वर पकड चौपट, सीडी८०वर दुप्पट. टीएनएफ तीन-तीनच्या जुडग्यात काम करतं हे धरून २००३ मध्ये असं बदललेलं टीएनएफ आखलं गेलं की जे खऱ्याच्या जुडग्यात घुसून बसतं आणि जुडगं निकामी करतं. पेशीवर चिकटलेलं टीएनएफ त्याच्या तावडीतून सुटतं, ही त्यातली खुबी. आयएल-१ बीटा आणि त्याला रोखणारं प्रथिन यांचे तुकडे जोडून डोळ्यांच्या थेंबांसाठी एक संकर केला. ॲनाकिनराहून घट्ट आणि उष्णतेला टिकाऊ. रचनेच्या दृष्टीने देखणं काम, पण कोरड्या डोळ्यांच्या मोठ्या चाचणीत २०१५ मध्ये ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही.

जागेचा प्रश्न आयएल-१०ने दाखवला. उत्तम दाहशामक प्रथिन, ते नसलेल्या उंदरांची आतडी सुजतात. माणसांच्या आतड्यांच्या क्रोन आजारात टोचलं, फारसं काही झालं नाही. आतड्याच्या अस्तरात पुरेसं पोचत नव्हतं, आणि मात्रा वाढवली की दाह वाढवणारं इंटरफेरॉन गॅमाच वाढत होतं. ताकातल्या जातीच्या एका जिवाणूत ते जनुक घालून आतड्यातच तयार करून घेण्याचा प्रयोग २००० मध्ये उंदरांत जमला, माणसांत मोठं यश अजून नाही.

आता तिसरा मुद्दा, ज्यासाठी वेळ राखायचा होता: शरीर नकलेला ओळखतं तेव्हा काय होतं. आपल्यासारखंच प्रथिन आहे, मग अँटीबॉडी का होतील, असं वाटतं. होतात. आणि झाल्या तर जितकी नक्कल हुबेहूब तितका धोका मोठा, कारण त्या अँटीबॉडी आपल्या मूळ प्रथिनालाही धरतात. प्लेटलेट वाढवणाऱ्या मानवी प्रथिनाची एक पॉलिमर लावलेली नक्कल १९९०च्या दशकात निरोगी स्वयंसेवकांना टोचली. काहींच्या अँटीबॉडींनी त्यांचं स्वतःचं प्रथिन निकामी केलं आणि प्लेटलेट उलट घसरल्या. १९९८ मध्ये काम थांबलं. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी बनवायला लावणारं प्रथिन, त्याच्या बाबतीत रेणू तोच राहिला, पण एका उत्पादनात स्थिर ठेवण्यासाठी घातलेलं मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० हे साबणासारखं द्रव्य घातलं, आणि पुढच्या काही वर्षांत कातडीखाली ते घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णांत लाल पेशी बनणंच बंद पडल्याची प्रकरणं वाढली. रबरी बुचातून उतरणारी द्रव्यं, प्रथिनांचे गुच्छ, यांवर संशय गेला. बुचांना लेप दिला, शिरेतून द्यायला लागले, प्रकरणं घटली. रेणू कागदावर कितीही नीट आखा, कुपी, बूच, साबणासारखं द्रव्य आणि तापमान हे सगळं औषधाचाच भाग आहे.

उलट बाजूनेही प्रयत्न झाला. आकार तोच ठेवायचा, पण साखळी पार वेगळी. म्हणजे अँटीबॉडी झाल्याच तरी आपलं मूळ प्रथिन वाचेल. डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये संगणकावर आखलेलं, आयएल-२ या टी-पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाचं काम करणारं १०० अमिनो आम्लांचं प्रथिन असंच होतं. बेकर यांना २०२४चं नोबेल मिळालं. हे प्रथिन कर्करोगासाठी होतं, पण तर्क दाहशामकांनाही लागू. माणसांतल्या चाचणीत त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या आणि २०२२ मध्ये ते सोडून द्यावं लागलं. मूळ प्रथिन वाचण्याची सोय झाली होती, औषध मात्र वाचलं नाही. या दोन टोकांच्या मधली जागा कुठे आहे, हा आजचा खरा खुला प्रश्न आहे, आणि मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी त्यावर काम करावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटची दोन मिनिटं घरी इंजेक्शन ठेवणाऱ्यांसाठी. २ ते ८ अंश, म्हणजे फ्रिजचा मधला कप्पा. दार नको, तिथे उघडझाक होते. बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नको. गोठलेलं इंजेक्शन वितळवून घ्यायचं नाही, फेकायचं, कारण गोठताना प्रथिनाचे गुच्छ होतात, आणि गुच्छ म्हणजे अँटीबॉडीला आमंत्रण. मिरजेहून तासगाव-जतला एसटीने न्यायचं असेल तर थंड पिशवीत, पण बर्फाची पाकिटं आणि औषधाची पेटी यांच्यात जाड कापड घाला. मे महिन्यात गाडीच्या डिकीत अजिबात नाही. सुई हलवायची नाही, फेस आला की हवेच्या कडेला प्रथिन उलगडतं. द्रव गढूळ दिसला, रंग बदललेला दिसला, गुठळ्या दिसल्या तर वापरू नका. काही औषधांत पेटीवरच सांगितलेले बारीक पांढरे कण चालतात, ते पत्रक वाचून ठरवा. टोचण्याआधी पेटीतून काढून पंधरा ते तीस मिनिटं बाहेर ठेवा, गरम पाण्यात धरू नका. जागा दर वेळी बदला, आधीच्या जागेपासून दोन बोटं तरी लांब. ताप असेल, खोकला लांबला असेल, फोड पिकला असेल तर त्या आठवड्याची सुई घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न घ्यायला पाच मिनिटं आहेत. मधल्या रांगेतल्या ताईंचा हात आधी वर आला होता, त्यांना माइक द्या.